डोनाल्डचं गाव

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या डोनाल्ड ट्रिप्लेट यांच्याविषयी आज मला बोलायचंय. १९४३ साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. ऑटिझम, म्हणजे आपण जिला स्वमग्नता म्हणतो, तिची वैद्यकशास्त्राला खरी ओळख झाली ती त्या निबंधातून. त्यातली पहिली नोंद डोनाल्डची होती.

हा मुलगा हाक मारली तरी वळून बघायचा नाही. वस्तू गरगर फिरवत बसायचा, एकच शब्द दिवसभर घोळवायचा. चार वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं. पण वर्षभरानं आईवडील त्याला घरी घेऊन आले. नंतर कॅनर यांच्याकडे त्याच्या तपासण्या सुरू झाल्या आणि १९४२मध्ये त्याला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला पाठवलं.

या जोडप्याचं मला फार कौतुक वाटतं. डोनाल्डला मोजण्याचं वेड. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत बसायचा. शेतकऱ्यानं त्याच्या हाती नांगर दिला आणि सांगितलं, नांगरता नांगरता मोज. लांबी-खोली मापण्याचा नाद होता, तर त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते सांगायला सांगितलं. मेलेले पक्षी, किडे गोळा करायचा, तर त्यांना पुरायला एक कोपरा दिला. तिथे तो प्रत्येकाच्या नावाची पाटी लावायचा आणि पाटीवर आडनाव त्या शेतकऱ्याचंच लिहायचा! कॅनर १९४५मध्ये भेटीला गेले, तेव्हा हा मुलगा घोडा वळवत सफाईनं नांगरणी करत होता. जवळच्या खेड्यातल्या शाळेतही तो जात होता आणि तिथल्या लोकांनी त्याच्या लकबी आहेत तशा चालवून घेतल्या होत्या. एरवी अशा नादांवर घरोघरी ओरडा होतो, मुलाचा हात धरून त्याला थांबवलं जातं. इथे त्याच नादातून कामाची वाट निघाली.

पुढे हायस्कुलात असताना त्याच्याविषयी एक आख्यायिकाच झाली. शाळेच्या भिंतीत विटा किती, असं मुलांनी विचारलं आणि डोनाल्डनं एका नजरेत आकडा सांगितला म्हणे. उतारवयात पत्रकारांनी त्यांना याबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, आकडा मनानंच सांगितला होता. त्या मुलांचं आपल्याविषयी चांगलं मत व्हावं, एवढंच हवं होतं. स्वमग्न मुलांना माणसं नकोच असतात, असं जे सर्रास बोललं जातं, ते ऐकलं की मला या विटा आठवतात.

डोनाल्ड पदवीधर झाले, बँकेत नोकरीला लागले. सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकले, रोज गोल्फ खेळले, एकट्यानं देशोदेशी फिरले. २०२३मध्ये वयाच्या ८९व्या वर्षी ते गेले. घर श्रीमंत होतं, बँक आईच्या माहेरची होती, हे खरंच. पैशानं नोकरी मिळाली असेल. पण पत्रकार गावात चौकशीला आले, तेव्हा ‘आमच्या डॉनला त्रास झाला तर याद राखा’ अशा अर्थाची तंबी त्यांना गावकऱ्यांनी दिली. ती माया पैशानं येत नाही.

आता आपल्याकडे बघू. निदान झालं की आईवडील स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी यांच्या फेऱ्यांत अडकतात. ते आवश्यकच आहे. पण सगळा प्रयत्न त्या एका मुलाला बदलण्याचा. आजूबाजूच्या मुलांना कुणी काही शिकवतच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ६ ते ११ वर्षांची ६० स्वमग्न मुलं, सगळी नेहमीच्या शाळांत शिकणारी. काहींना मोठ्या माणसांनी मैत्रीची कौशल्यं शिकवली. काहींच्या बाबतीत वर्गातल्या तीन मुलांना शिकवलं, की एकट्या पडलेल्या सवंगड्याला खेळात कसं घ्यायचं. हा दुसरा मार्ग जास्त उपयोगी ठरला. मैदानावर ही मुलं कमी एकटी पडू लागली आणि ‘तुझे मित्र कोण?’ या प्रश्नाला वर्गातली मुलं देत त्या उत्तरात त्यांची नावं येऊ लागली.

आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्याच्या आधारानं शाळेत प्रवेश मागता येतो. मधल्या सुट्टीत शेजारी डबा घेऊन कोण बसणार, ते मात्र बाकीच्या मुलांवर आणि त्यांच्या घरच्या वळणावर आहे. ‘त्याच्याशी नको खेळूस’ हे वाक्य मूल घरातूनच ऐकून येतं. स्वमग्न मुलाची आई जिन्यात भेटली, की ‘लाड केलेत तुम्ही’ असं सुनावणारेही आपल्यातलेच. त्या माउलीनं किती रात्री जागून काढल्यात, याची त्यांना कल्पना नसते.

तुमच्या इमारतीत, वाडीत असं मूल असेल तर येत्या सुट्टीला त्याला घरी बोलवा. दहा जणांचा वाढदिवस नको, तुमचं एकच मूल पुरे. आधी त्याच्या आईला विचारा, त्याला काय आवडतं आणि कशाचा त्रास होतो. कुकरच्या शिट्टीनं तो कान झाकत असेल तर तेवढा वेळ कुकर लावू नका. लोकलचं वेळापत्रक पाठ असेल तर दोघांना आगगाडीच खेळू दे. तो तुमच्या डोळ्यांत बघणार नाही, कदाचित बोलणारही नाही. शेजारी बसून आपापलं खेळणं हेही खेळणंच आहे. किती वाजता थांबायचं ते आधी सांगा, घड्याळ दाखवून सांगा. आणि पहिल्या दिवशी दहा मिनिटांत उठून गेला, तर जाऊ द्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवा.