अ‍ॅम्प घ्यावा की नाही?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी ओळख 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी करून दिल्यामुळे काही जणांनी आधीच सुस्कारा सोडला. घाबरू नका. नोकऱ्या जाणार की राहणार, मुलांनी कॉम्प्युटर घ्यावा की मेकॅनिकल, यातलं काहीही मी बोलणार नाही. मी एका खरेदीबद्दल बोलणार आहे. गिटारचा एक महागडा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की नाही, हे ठरवायला मला सहा महिने लागले, आणि त्यात आपल्या शाळेची प्रयोगवही कामी आली.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी गिटार शिकायला लागले एकोणचाळिसाव्या वर्षी. माझे गुरुजी माझ्याहून सोळा वर्षांनी लहान आहेत, आणि मी त्यांना 'सर' म्हणते याचा त्यांना अजून संकोच वाटतो. इलेक्ट्रिक गिटार मुळात जवळजवळ मुकी असते. पोलादी तारेखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. तार थरथरली की वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. दहावीला फॅरडेचा नियम पाठ केला होता ना, तोच. हा प्रवाह मोठा करून स्पीकर हलवायचं काम अ‍ॅम्पचं.

पण अ‍ॅम्प नुसता आवाज मोठा करत नाही. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह या अ‍ॅम्पमध्ये आजही असतात. त्यांच्यावर ताकदीबाहेर भार टाकला की ध्वनिलहरीचे शेंडे हळूच दबतात आणि मूळ सुरात नसलेले वरचे स्वर त्यात मिसळतात. रॉक संगीतातला तो भरदार, किंचित फाटलेला आवाज असा येतो. म्हणजे अ‍ॅम्प हे निम्मं वाद्यच आहे. मार्शल कंपनीचा पहिला अ‍ॅम्प १९६२ मध्ये लंडनमध्ये तयार झाला, तो फेंडरच्या बासमन या अमेरिकन अ‍ॅम्पच्या मंडलावरून. आणि ज्यांच्या नावाने ती कंपनी चालते त्या लिओ फेंडरना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ते रेडिओ दुरुस्त करायचे.

माझं मन बसलं होतं फेंडर डीलक्स रिव्हर्बवर. बावीस वॅट, बारा इंची एक स्पीकर, वजन सुमारे १९ किलो. मला सांगितलेली किंमत दीड लाखाच्या पुढची. माझ्याकडे आधीच एक छोटा सरावाचा अ‍ॅम्प होता, आणि तो चालू होता. लेकीचं बारावीचं वर्ष, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. आई एवढंच म्हणाली, "घे ना. पण किती दिवस वाजवशील?"

हा प्रश्न मी टाळला नाही. आपल्या विज्ञानाच्या सरांनी उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशा रकान्यांशिवाय वही कधी तपासली नाही, आणि अनुमान आधी लिहिणाऱ्याची वही ते परत करायचे. म्हणून मी एक वही आणली आणि निरीक्षणं लिहायला घेतली.

पहिलं निरीक्षण वॅटचं. आपल्याला वाटतं, शंभर वॅटचा अ‍ॅम्प पन्नासच्या दुप्पट मोठा वाजत असेल. तसं नसतं. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो; कानाला साधारण दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. गिटारचे बरेचसे स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर ९७ ते १०० डेसिबल आवाज देतात. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबल आवाजात आठ तास चालतील, पण पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी करा. म्हणजे १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. आणि ही झाली एका वॅटची गोष्ट! व्हॉल्व्हचा खरा रंग येतो तो अ‍ॅम्पवर जोर टाकल्यावर. बावीस वॅटवर जोर टाकायचा तर आमची सोसायटी मला गणपतीतसुद्धा परवानगी देणार नाही. फ्लॅटमध्ये तो अ‍ॅम्प जन्मभर कुजबुजतच राहणार.

दुसरं निरीक्षण कानांचं. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज लहान असला की आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. त्यामुळे दुकानात जो अ‍ॅम्प जरा मोठा लावलेला असतो, तोच आपल्याला 'भरीव' वाटतो. म्हणून पुण्यातला एक सरावाचा स्टुडिओ दोन तासांसाठी घेतला. तीन अ‍ॅम्प पडद्यामागे ठेवले: डीलक्स रिव्हर्ब, त्याचीच कॉम्प्युटरवर चालणारी हलकी आवृत्ती, आणि माझा छोटा. मोबाईलवरच्या डेसिबल मीटरने तिघांचा आवाज सारखा केला. सरांनी एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला. ऐकायला मी, माझी लेक आणि एक सहकारी. महागडा कोणता ते ओळखायचं. आम्हा तिघांचे गुण नाणं उडवून आले असते तेवढेच आले.

मग पडदा काढला आणि गिटार मी हातात घेतली. आता मात्र फरक कळला. हलकं छेडलं तर सूर स्वच्छ, बोट जरा रेटलं तर सूर कडेने फाटतो. माझ्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये बोटांचं वजन असं उमटत नाही. लेक समोरच बसली होती. ती म्हणाली, "मला काही वेगळं वाटलं नाही, पण तुझा चेहरा वेगळा झाला." मी तेही वहीत लिहिलं.

तिसरं निरीक्षण इतिहासातलं, आणि ते आपल्या वाईकरांना जवळचं. पसरणीचा घाट चढलं की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बुलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या 'क्वीन' या बँडमधला ब्रायन मे जी गिटार वाजवतो, ती त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली, मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. बँडचा बेस वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याला कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट बोर्ड सापडला. त्यातून त्याने नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा अ‍ॅम्प बनवला. त्यात एकही व्हॉल्व्ह नाही, आणि तरी तो क्वीनच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणांमध्ये वाजला आहे. अर्थात ब्रायन मे मंचावर व्हॉक्सचे महागडे अ‍ॅम्पही रांगेने लावतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्याला जिथे जे हवं, तिथे ते.

चौथं निरीक्षण सगळ्यात साधं. चार महिने मी रोज किती मिनिटं वाजवलं ते लिहिलं, आणि ज्या दिवशी वाजवलं नाही त्या दिवशी कारण लिहिलं. माझ्या धंद्यात प्रोग्राम हळू चालला की आम्ही आधी मोजतो, वेळ नक्की कुठे जातो. मगच हात लावतो. वहीत कारणं निघाली ती अशी: रात्रीची मीटिंग, पाहुणे, आईचा दवाखाना, थकवा, पुन्हा रात्रीची मीटिंग. 'अ‍ॅम्पचा आवाज आवडला नाही' हे कारण एकदाही नव्हतं. दीड लाखांनी यातलं काहीच सुटणार नव्हतं.

आता अनुमान. इथे सरळ उत्तर दिसतं, घेऊ नकोस. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, घरात तो खुलणार नाही, अडचण आवाजाची नाहीच. पण माझं पेन तिथे अडलं, कारण एक निरीक्षण उरत होतं: वाजवणारीला फरक कळतो. फक्त तिलाच.

मैत्रिणींनो, हे मी खास तुमच्यासाठी सांगते आहे. घरात मिक्सर आला, एसी आला, मुलांचे क्लास लागले, तेव्हा 'कशाला?' असं आपल्याला कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांसाठी होतं. जी गोष्ट फक्त आपल्यालाच कळणार, तिच्यासाठी पैसे काढताना आपण स्वतःच स्वतःला आरोपी करतो आणि कारणं शोधतो: मुलगीही शिकेल, पुढे विकता येईल. मी ती कारणं वहीत लिहिली नाहीत. 'मला आनंद होतो' एवढं एकच लिहिलं, आणि ते पुरेसं धरलं.

मग हिशेब सोपा झाला. मला बोटांना कळणारा अ‍ॅम्प हवा होता, बावीस वॅट नको होते. मी पाच वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेतला, एकाने वापरलेला, त्या किमतीच्या चौथ्या हिश्शाहून कमीत. जाणकाराकडून उघडून तपासून घेतला. तुम्ही कुणी घेतलात तर स्वतः उघडू नका. वायर काढून ठेवली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात. व्हॉल्व्ह झिजतात, कधीतरी बदलावे लागतील, तोही खर्च धरला आहे.

दुसरी खरेदी जास्त महाग पडली. दर गुरुवारी संध्याकाळी सात ते साडेआठ ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये मी 'उपलब्ध नाही' असं लिहून टाकलं. त्यावर बॉसशी दोनदा आणि घरी एकदा वाद झाला. ती वेळ अजून टिकून आहे. आईचं ऑपरेशन नीट झालं, आणि गुरुवारी ती आता स्वतःच विचारते, "आज वाजवणार नाहीस का?"

तुमच्यातही कुणाच्या मनात कॅमेरा असेल, सायकल असेल, तबल्याची जोडी असेल. घ्या किंवा घेऊ नका, पण एक वही मात्र आणा, आणि अनुमान शेवटी लिहा. सर समोरच बसले आहेत.

तो पाच वॅटचा डबा मंचाच्या मागे ठेवला आहे. चहानंतर ज्याला हात लावून बघायचा त्याने यावं. गिटार येत नसली तरी चालेल, एक तार छेडली तरी कळतं.