हैदराबादचे खडक

निसर्ग पाहावयास जावयाचे म्हटले की मराठी माणसाचे मन प्रथम समुद्राकडे धाव घेते. मालवणचा किनारा, गुहागरची पुळण, वेंगुर्ल्याच्या नारळी-पोफळी त्याच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. हैदराबादला जावयाचे ठरले म्हणजे मात्र निसर्गाचे नावही कोणी काढीत नाही. चारमिनार पाहावा, सालारजंग संग्रहालयात एक दुपार घालवावी, पत्थरगट्टीवर मोत्यांची खरेदी करावी आणि परतीच्या गाडीत बसावे, असा बहुतेकांचा क्रम असतो. या शहराला समुद्र नाही. गोवळकोंड्याच्या सुलतानांचे बंदर मच्छलीपट्टण. ते तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. मग येथे निसर्गाचे म्हणून पाहावयाचे ते काय?

याचे उत्तर रस्त्याच्या कडेलाच उभे आहे. नांदेडकडून रेल्वेने येणाऱ्या प्रवाशाला ते शहर येण्यापूर्वीच भेटते. गोदावरी ओलांडून गाडी निजामाबादकडे निघाली की काळी जमीन आणि सपाट माथ्याच्या टेकड्या मागे पडतात, आणि शेतांच्या मधोमध प्रचंड गोलसर धोंडे दिसू लागतात. कोठे एकावर एक तीन धोंडे रचल्यासारखे उभे असतात, तर कोठे हत्तीएवढा खडक टीचभर टोकावर तोललेला असतो. कोणा राक्षसाच्या पोराने गोट्यांचा डाव अर्धा टाकून निघून जावे, तसा हा सारा पसारा दिसतो. हैदराबाद शहर वसले आहे ते या पसाऱ्यातच.

हे धोंडे येथे कोणी आणून टाकलेले नाहीत. ते येथेच जन्मले. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. हैदराबादचा ग्रॅनाइट मात्र सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा, म्हणजे वयाने सह्याद्रीच्या पाषाणाच्या जवळजवळ चाळीसपट. तप्त शिलारस भूपृष्ठाखाली खोलवर अगदी सावकाश निवत गेला. त्यामुळे त्यात गारेचे, गुलाबी वा करड्या फेल्डस्पारचे आणि चकाकणाऱ्या अभ्रकाचे स्फटिक डोळ्यांना दिसण्याएवढे वाढले. पुढे वरचे थर झिजून गेले, दाब कमी झाला, आणि या अखंड शिळेला उभ्या-आडव्या भेगा पडल्या.

भेगांतून पावसाचे पाणी शिरले आणि त्याने आपले काम सुरू केले. चौकोनी ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेने चढाई करते, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. साहजिकच कोपरे आधी झडतात, मग कडा झिजतात, आणि जमिनीच्या पोटातच ठोकळ्याचा गोळा होतो. भोवतालची कुजलेली माती कालांतराने वाहून गेली की हे गोळे उघडे पडतात, आणि खालचा गोळा वरच्याला तोलून धरतो. पाहणाऱ्याला तो चमत्कार वाटतो. परंतु हातचलाखी येथे कोणाचीच नाही. पाणी, ऊन आणि अपार वेळ एवढीच काय ती सामग्री.

माणूस येथे आला तो या खडकांशी भांडत नव्हे, त्यांच्याशी जुळवून घेत. गोवळकोंड्याचा किल्ला याची उत्तम साक्ष आहे. ‘गोल्ल कोंडा’ म्हणजे तेलुगूत धनगराची टेकडी. सुमारे चारशे फूट उंचीच्या या ग्रॅनाइटच्या टेकडीवर तटबंदी चढविताना बांधणाऱ्यांनी मोठाले धोंडे फोडले नाहीत. त्यांनाच भिंतीचा भाग केले. दोन नैसर्गिक शिळांमधील फट तेवढी चुन्यात दगड बसवून बुजविली. तट कोठे संपला आणि टेकडी कोठे सुरू झाली, हे आजही चटकन ओळखता येत नाही. प्रवासी महाद्वारात टाळी वाजवून तिचा आवाज माथ्यावर पोहोचतो का हे पाहतो आणि त्यावर संतुष्ट होतो. त्याने चढताना वाटेतल्या शिळांवर क्षणभर हात ठेवावा. माथ्याजवळ याच शिळांच्या आश्रयाने जगदंबेचे ठाणे आहे, आणि आषाढातील बोनालूच्या उत्सवाला गोवळकोंड्यापासूनच आरंभ होतो.

शहराच्या ईशान्येस मौला अलीची टेकडी आहे. तो एकच उघडाबोडका घुमट असून माथ्यावर दर्गा आहे. पायथ्याशी महलका बाई चंदा या विख्यात उर्दू कवयित्रीची कबर आहे. पश्चिमेस दुर्गम चेरुवू हा तलाव खडकाळ टेकड्यांच्या कुशीत दडलेला असून कुतुबशाहीत गोवळकोंड्याला पाणी पुरविण्याचे काम तो करी. आज त्याच्या दोन्ही अंगांना काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत, आणि २०२० साली त्यावर केबलच्या आधाराचा पूलही झाला. तरी सकाळी पाणी स्थिर असताना काठच्या शिळांची प्रतिबिंबे पाहावी. जुने हैदराबाद कसे होते याची कल्पना तेथे येते.

हे खडक निर्जीव आहेत असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. त्यांच्या फटींत साचलेल्या ओंजळभर मातीत सीताफळ रुजते. हैदराबादच्या बाजारात शरद ऋतूत येणाऱ्या सीताफळांचे मूळ घर असलीच खडकाळ टेकाडे होत. तापलेल्या शिळेवर लाल पाठीचा सरडा मान हलवीत बसतो. कपारीत घुबडाची जोडी नांदते. पावसाळ्यात शिळांच्या खळग्यांत पाणी साठते, आणि त्या वीतभर डबक्यांवर पाखरे उतरतात. शिळांवरून वाहणारे पाणी पायथ्याशी मुरते, खालच्या तलावांना मिळते. हैदराबादचे तलाव आणि हैदराबादचे खडक यांची अशी जोडी आहे. एकाला धक्का लागला तर दुसऱ्याला लागल्यावाचून राहत नाही.

असा धक्का लागला आहे, हेही सांगितले पाहिजे. दगड फोडणे हा या भागातील जुना व्यवसाय. चारमिनार १५९१ साली उभा राहिला तो ग्रॅनाइट आणि चुना यांच्याच बळावर. हुसेनसागरातील बुद्धमूर्तीही अखंड ग्रॅनाइटची. १९९० साली ती नेताना तराफा उलटून जीवहानी झाली, आणि दोन वर्षे पाण्याखाली राहिल्यावर १९९२ साली ती उभी राहिली. छिन्नी-हातोड्यावर पोट भरणाऱ्या वडारांच्या पिढ्यान्पिढ्या येथे झाल्या. त्यांनी टेकड्या संपविल्या नाहीत. परंतु सुरुंग आणि यंत्रे आली, जमिनीचे भाव आकाशाला भिडले, आणि जे खडक चारशे वर्षे शहराचे शेजारी होते ते एकाएकी अडथळा ठरले. बंजारा हिल्स आणि जुबिली हिल्स या नावांत ‘हिल्स’ राहिल्या. टेकड्या शोधाव्या लागतात.

दुसरी वाट नव्हती असे नाही. बंजारा हिल्सवर वस्ती होऊ लागली त्या काळी मेहदी नवाज जंग यांनी तेथे घर बांधले. पुढे १९६० साली तेच गुजरात राज्याचे पहिले राज्यपाल झाले. त्यांनी खडक फोडून जागा सपाट केली नाही. खडकांनाच घरात घेतले. १९९६ साली खडकांच्या रक्षणासाठी नागरिकांची एक संस्था स्थापन झाली. तिचे सभासद लोकांना खडकांमधून पायी हिंडवितात. शहर व परिसरातील नऊ खडकसमूहांची अधिकृत वारसायादीत नोंदही झाली. राजवाडे आणि मशिदी यांच्या पंक्तीला धोंडे बसविले गेले, ही गोष्ट आपल्या देशात अपूर्वच म्हटली पाहिजे.

त्या नवांपैकी एक छत्रीच्या आकाराचा खडक हैदराबाद विद्यापीठाच्या परिसरात आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या भोवतालच्या रानात हरणे आणि मोर आहेत, तलाव आहेत, शिळांचे ढिगारे आहेत. २०२५ च्या मार्चअखेरीस लगतच्या कांचा गच्चीबावली येथील चारशे एकर जमिनीवर झाडे पाडणारी यंत्रे चालू लागली. राज्य शासनाचे म्हणणे जमीन शासनाची आहे व तेथे उद्योगधंदे यावेत असे. विद्यार्थ्यांचे म्हणणे हे रान राहिले पाहिजे असे. ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेथील वृक्षतोड थांबविण्याचा आदेश दिला. मालकी कोणाची हा प्रश्न न्यायालयाचा. परंतु त्या वादाच्या मुळाशी असलेला दुसरा प्रश्न प्रत्येक नागरिकाचा आहे: जे एकदा गेल्यावर पुन्हा येत नाही, त्याची किंमत कोणी व कशी ठरवावयाची?

तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे लावता येते. त्याला तीस-चाळीस वर्षे लागतील, पण ते येईल. आटलेला तलाव गाळ उपसून पुन्हा भरता येतो. १९०८ साली मुसीच्या महापुराने शहर उद्ध्वस्त केले, त्यानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधून माणसाने नदीलाही आवर घातला. फुटलेला खडक मात्र पुन्हा लावता येत नाही, बांधता येत नाही. अडीचशे कोटी वर्षांची ठेव एका दुपारच्या सुरुंगात खडी होऊन रस्त्यावर पसरते.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी कित्येक मराठी घराण्यांनी या शहराच्या वाऱ्या केल्या, आणि आजही येथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. या नात्यानेही हे खडक मराठी माणसाला परके नाहीत. देगलूर-बिलोलीच्या शिवारांत याच जातीचे धोंडे उभे आहेत.

तेव्हा पुढच्या खेपेस हैदराबादला जाणाऱ्याने एक सकाळ राखून ठेवावी. दिवस थंडीचे असावेत, अंगावर उन्हे येण्यापूर्वी निघावे, सोबत पाणी घ्यावे आणि जमल्यास मुलांना न्यावे. खाजागुड्याच्या टेकड्या अथवा गोवळकोंड्याची मागची बाजू यांपैकी काहीही चालेल. कोवळ्या उन्हात करडा धोंडा हळूहळू गुलाबी होतो. त्यातील अभ्रकाचे कण चमकू लागतात. मुलांना तेथे सांगावे की हा दगड तयार झाला तेव्हा पृथ्वीवर गवताचे पातेही नव्हते. त्या मुलांपैकी एखादे मोठेपणी घर बांधील, एखादे रस्ता आखील. वाटेत धोंडा आला तर रस्ता चार हात वळवून न्यावा, एवढी बुद्धी त्याला त्या सकाळीने दिली, तरी ती सहल कारणी लागली असे समजावे.