करोल बागेतील नवे दुकानदार

दिल्लीच्या करोल बागेत दुकान मांडून आयुष्याचा दुसरा डाव सुरू करणे, ही त्या वस्तीची जुनी रीत आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी ही वस्ती गजबजून सोडली. सियालकोटहून आलेले महाशय धर्मपाल गुलाटी हे त्यांपैकीच एक. शाळा लहानपणीच सुटलेली आणि गाठीला दीड हजार रुपये. त्यांतले साडेसहाशे देऊन त्यांनी एक टांगा घेतला व काही दिवस उतारूंची ने-आण केली. त्या धंद्यात जीव रमेना, तेव्हा टांगा विकून १९४८ साली अजमलखान मार्गावरील एका लाकडी खोक्यात त्यांनी मसाल्याचे दुकान थाटले. दुकानाला नाव दिले ते वडिलांच्या सियालकोटमधील दुकानाचेच, 'महाशियां दी हट्टी'. आणि पाटीवर आपण सियालकोटवाले असल्याचे आवर्जून लिहिले. तिखट दिल्लीत कोठेही मिळत होते. परंतु घरदार टाकून आलेल्या माणसाला परक्या रस्त्यावर आपल्या गावाचे नाव वाचावयास मिळावे, ही निराळी गोष्ट होती. पुढे १९५९ साली कीर्तीनगरात कारखाना निघाला, पगडी बांधलेले वृद्ध महाशय स्वतःच आपल्या जाहिरातींतून घरोघर पोहोचले, २०१९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०२० च्या डिसेंबरात ते निवर्तले. हा सारा पसारा ज्या पायावर उभा राहिला, त्यात मिरचीइतकाच त्या पाटीवरील गावाच्या नावाचाही वाटा होता.

त्याच करोल बागेत अलीकडे दुकानदारांचा एक नवा वर्ग उदयास आला आहे. पुसा मार्गावरून मेट्रोची उन्नत वाट जाते. तिच्या खांबांच्या क्रमांकांवरून तेथील शिकवणीवर्ग आपला पत्ता सांगतात. लगतचे जुने राजेंद्रनगर तर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी आलेल्या तरुणांनी भरून गेले आहे. मोठ्या वर्गांच्या मोठ्या पाट्या रस्त्यावर दिसतात. हा नवा दुकानदार मात्र रस्त्यावर दिसत नाही. तो तिसऱ्या मजल्यावरील एका लहानशा खोलीत असतो. भिंतीवर पांढरा फळा, समोर तिकाटण्यावर बसविलेला मोबाइल, बाजूला एक दिवा. गल्लीतील गोंगाट ऐकू जाऊ नये म्हणून खिडकी बंद. तासभर तो त्या यंत्राकडे पाहून संसदेचे अधिकार किंवा मान्सूनचे वारे समजावून सांगतो आणि तो पाठ यूट्यूबवर ठेवून देतो. गडचिरोलीपासून गंगानगरपर्यंत कोणीही तो फुकट पाहावा.

हा माणूस कोण, याचे उत्तर परीक्षेच्या आकड्यांत सापडते. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले. पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेस पात्र ठरले १४,६२४. मुलाखतीपर्यंत पोहोचले २,८५५. आणि अखेर निवड झाली ती १,०१६ जणांची. खुल्या वर्गाला बत्तीस वर्षांची वयोमर्यादा आणि सहा प्रयत्न. म्हणजे मुलाखतीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलेली, विषयात तयार झालेली आणि वयाने मात्र बाद ठरलेली माणसे दरवर्षी शेकड्यांनी उरतात. गावी कोणत्या तोंडाने जावे, हा प्रश्न त्यांना असतो. त्यांपैकी कित्येकजण शिकवू लागतात. गुलाटींचा गाव गेला होता. यांची उमेदीची आठ-दहा वर्षे गेलेली असतात. दोघांनाही करोल बागेनेच दुसरा डाव मांडू दिला.

फुकट शिकवून पोट कसे भरते, हे कोडे वडील मंडळींना सुटत नाही आणि ते स्वाभाविक आहे. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी साधारणतः एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले गेलेले पाठ, अशी अट आहे. ती पुरी झाली, की मोठ्या चित्रफितींवरील जाहिरातींचे शेकडा पंचावन्न शिक्षकाला मिळतात. परंतु भारतीय भाषांतील पाठांवरच्या जाहिरातींचा दर बेताचा; एवढ्यावर दिल्लीतील खोलीचे भाडेही निघणे कठीण. खरे उत्पन्न शुल्क घेऊन चालविलेल्या वर्गांतून येते, आणि फुकटचा पाठ ही त्या वर्गाची ओसरी असते. आज ज्या प्रचंड कंपन्या झाल्या आहेत, त्याही याच ओसरीतून आत गेल्या. 'अनअकॅडमी' २०१० साली यूट्यूबवरील एक वाहिनी म्हणून जन्मली. अलाहाबादच्या अलख पांडे यांनी तेथेच भौतिकशास्त्र शिकविण्यास आरंभ केला. त्यांची कंपनी २०२५ साली शेअरबाजारात आली.

परंतु ओसरीवर काय मांडावे, यातच या धंद्यातले पहिले शहाणपण आहे. पाठांचे दोन प्रकार पडतात: हंगामी आणि बारमाही. चालू घडामोडींचा पाठ हंगामी. आज अर्थसंकल्पावर बोललेला पाठ उद्या लाख लोक पाहतील, आणि पुढल्या वर्षी त्याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. त्यातून गर्दी जमते, आणि गर्दी टिकविण्यासाठी रोज नवा पाठ काढावा लागतो. न काढला, तर दुकान ओस. अनेक तरुण शिक्षक या रोजच्या रहाटाला जुंपले जाऊन दोन वर्षांत थकून जातात. उलट, केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीविषयी काय ठरविले, हे एकदा नीट समजावून सांगितले, तर तो पाठ पुढल्या वर्षीच्या विद्यार्थ्यालाही हवा असतो आणि त्याच्या पुढल्याही. असे शंभर पाठ म्हणजे अंगणातील बारमाही विहीर. शिक्षक आजारी पडला, गावी गेला, झोपला, तरी तिचे पाणी चालू राहते. त्याच १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' दिनदर्शिका काढली. दिनदर्शिकेसारखी हंगामी वस्तू दुसरी नाही. एकतीस डिसेंबरला तिचे आयुष्य संपते. परंतु पानामागे छापलेल्या पाककृती नि आरोग्याच्या सूचना गृहिणींनी कापून जपून ठेवल्या. एकाच कागदाच्या पुढल्या अंगाला हंगाम आणि मागल्या अंगाला बारमाही मजकूर, ही जोडणी पडद्यावरील शिक्षकाने अभ्यासण्यासारखी आहे.

आता विक्रीचा प्रश्न. जुन्या राजेंद्रनगरात छायाप्रतींची दुकाने आहेत. नामांकित वर्गांची टिपणे तेथे गठ्ठ्यांनी मिळतात. ज्याने ती लिहिली, त्याला त्यातला छदामही मिळत नाही. टेलिग्रामवर तर तेवढेही पैसे पडत नाहीत. यावर शिक्षकांनी पुष्कळ आदळआपट केली, कायद्याचे धाक घातले. उपयोग बेताचाच झाला. ज्यांना धंद्याची नाडी सापडली, त्यांनी वेगळाच धडा घेतला. जे छापता येते ते फुकट जाणारच. तेव्हा ते आपणच फुकट द्यावे आणि त्यावर आपले नाव ठेवावे. पैसे घ्यावेत ते ज्याची छायाप्रत निघत नाही अशा गोष्टीचे. उत्तरपत्रिकेच्या समासात लाल शाईने 'हा मुद्दा प्रश्नात विचारलेलाच नाही' असे जे लिहिलेले असते, ते त्या एकाच विद्यार्थ्याच्या उपयोगाचे. शेजाऱ्याने त्याची प्रत काढून काय करावयाचे? म्हणून या शिक्षकाची खरी विक्रीची वस्तू म्हणजे उत्तरे तपासून देणे, सराव परीक्षा घेणे आणि शंकांचे निरसन करणे. अर्थात यात श्रम फार. एक शिक्षक दिवसाकाठी किती उत्तरपत्रिका मन लावून तपासू शकेल, याला मर्यादा आहे, आणि तीच त्याच्या व्यापाराची प्रामाणिक मर्यादा होय. ती ओलांडण्यासाठी जो मजुरीवर तपासनीस नेमून गठ्ठे हातावेगळे करू लागतो, त्याचे शेरे थोड्याच दिवसांत सर्वांना सारखे पडू लागतात, आणि विद्यार्थ्यांच्या ते लगेच ध्यानात येते.

कारण विद्यार्थी आता एकेकटा नसतो. शिक्षकाभोवती त्यांची एक मंडळी जमते. कोणी कोणाचे उत्तर वाचते, कोणी पहाटे पाचला इतरांना उठविते, पूर्वपरीक्षेत नापास झालेला नव्याला पुस्तके सुचवितो. महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला नांगर विकावयाचा, तर त्याच्याशी आधी बोलणे भाग होते. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली, ती कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून. पुढे १९२९ साली तिचे नुसते 'किर्लोस्कर' झाले, १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे निघाली, आणि नांगराशी काहीही संबंध नसलेली हजारो घरे या मासिकांची वाट पाहू लागली. जाहिरातीसाठी निघालेला कागद वाचकांचा झाला, आणि म्हणूनच जाहिरात म्हणूनही तो मोलाचा ठरला.

येथवर सारे गोड आहे. कडू भाग सवलतींचा. 'आज रात्री बारापर्यंत निम्म्या शुल्कात' अशी घोषणा होते. रात्री बारा वाजतात. आणि दुसऱ्या दिवशी तीच घोषणा नव्या तारखेसह झळकते. अजमलखान मार्गावरील कपड्याच्या दुकानात घासाघीस करणारे गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही खेळ ओळखून असतात. शंभर रुपये इकडेतिकडे झाले तरी कोणाचे आयुष्य बिघडत नाही. येथे मात्र गिऱ्हाईक बावीस वर्षांचे असते, पैसे बापाने कर्ज काढून दिलेले असतात, आणि जे खर्ची पडते त्यात पैशापेक्षा वयाचा हिस्सा मोठा असतो. यशस्वी उमेदवारांची छायाचित्रे हा दुसरा फास. एकाच उमेदवाराचा चेहरा अनेक वर्गांच्या फलकांवर हसताना दिसतो. पुष्कळदा त्याने त्या वर्गाची केवळ फुकटची मुलाखत-तालीम घेतलेली असते, आणि फलक मात्र वर्षभराच्या वर्गाची विक्री करीत असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा जाहिरातींबद्दल कित्येकांना दंड केला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणीवर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. निवडीची हमी देऊ नये, निवड झाल्यावर घेतलेल्या लेखी संमतीवाचून छायाचित्र वापरू नये, जागा संपत आल्याची खोटी घाई निर्माण करू नये, असे आता नियम आहेत. नियम चांगले आहेत. परंतु पाच लाख ब्याण्णव हजारांतील एक हजार सोळा जणांची छायाचित्रे कायदेशीरपणे लावली, तरी उरलेल्या पाच लाखांहून अधिक मुलांना या दुकानातून काय मिळाले, हा प्रश्न कोणत्याही तत्त्वात येत नाही. हीच मुले या धंद्याचे गिऱ्हाईक आहेत. जे पास होतात, ते तर दुकान सोडून जातात.

ज्या शिक्षकाने हे मनोमन ओळखले, त्याचा सारा व्यवहार बदललेला दिसतो. राज्यघटना, इतिहास, अर्थशास्त्र तो अशा तऱ्हेने शिकवितो, की नापास झालेला मुलगा उद्या वकील, पत्रकार वा सरपंच झाला तरी ते त्याच्या कामी यावे. आणि तीन प्रयत्नांनंतर एखाद्याला 'आता घरी जा' असे सांगण्याचे धैर्य त्याच्यापाशी असते. असे सांगणारा दुकानदार आपले गिऱ्हाईक घालवितो, हे खरे. पण घरी गेलेला तो मुलगा आपल्या धाकट्या भावाला त्याच्याकडेच पाठवितो.

मराठी मुलांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. नागरी सेवेची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. परंतु पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीतच निघते आणि मराठीतून चांगले साहित्य विरळ. 'बार्टी', 'सारथी', 'महाज्योती' या संस्थांच्या आधाराने कित्येक मुले दिल्लीला येतात. ज्यांना ते जमत नाही, ती गावीच मोबाइलवर शिकतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवेची मुख्य परीक्षा पर्यायी प्रश्नांऐवजी वर्णनात्मक करण्याचे ठरविले. पुण्यातील विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर हा बदल २०२५ पर्यंत पुढे गेला. तो आला आणि पर्यायी प्रश्नांचे संग्रह एका फटक्यात हंगामी ठरले. उत्तर कसे लिहावे, हे सांगणारे मराठी पाठ मात्र बारमाही झाले. केव्हिन केली या अमेरिकन लेखकाने २००८ साली असे मांडले, की स्वतंत्र कलावंताला लाखोंची गर्दी नको. हजार निष्ठावंत पुरेत. हजार मराठी विद्यार्थ्यांनी उत्तरे तपासून घेण्यासाठी वर्षाला तीन हजार रुपये दिले, तर तीस लाख होतात. त्यातून मदतनीस, भाडे व कर वजा जाता दोन-तीन शिक्षकांचे संसार सुखाने चालावेत. मराठीचा बाजार लहान, म्हणून रडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

शिवाय दिल्लीला येण्याची किंमतही आता सर्वांना कळली आहे. जुलै २०२४ मध्ये जुन्या राजेंद्रनगरातील एका तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. त्यानंतर कित्येक आईबापांनी मुलांना विचारले असेल, की जे तेथे शिकवितात ते येथे बसून ऐकता येत नाही काय?

करोल बागेचा बाजार सोमवारी बंद असतो. अजमलखान मार्गावरील दुकानांच्या लोखंडी दारांना कुलुपे असतात. तिसऱ्या मजल्यावरील खोलीत मात्र त्या दिवशी चित्रण नसते, एवढाच फरक. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन शिक्षक बसलेला असतो. त्याने तीन वर्षांपूर्वी सांगितलेला मूलभूत चौकटीचा पाठ त्या वेळी महाराष्ट्रातील एखाद्या खेड्यात, वीज आल्यावर, कोणीतरी पहिल्यांदाच ऐकत असते. हातातल्या उत्तराचे तिसरे पान उलटून तो समासात लिहितो: उदाहरण चांगले आहे, पण प्रश्न पुन्हा वाचा.