चहातील साखर आणि पंगतीतला आग्रह

जुनी इंदूर ही खान नदीच्या काठची शहराची मूळ वस्ती. राजवाडा आणि त्याच्या पाठीमागचा सराफा तेथून फारसे दूर नाहीत. दिवसा सोन्याचांदीचे व्यवहार करणारा हा सराफा रात्री पेढ्या बंद होताच खाद्यपदार्थांच्या गाड्यांनी भरून जातो आणि मालपुवा, रबडी, जिलेबी यांची वर्दळ मध्यरात्रीपर्यंत चालते. सकाळ उजाडते ती पोह्यांनी. शेजारी जिलेबी असतेच. अशा गावात साखर कमी करा असे सांगणारा मनुष्य अरसिकच ठरावयाचा!

परंतु मुख्य दोष सराफ्याचा नव्हे. सराफ्यात कोणी रोज जात नाही. चहा मात्र रोज होतो. एका कपात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा, आणि दिवसाचे चार कप धरले तर चाळीस ग्रॅम साखर होते. वर्षाकाठी ती साडेचौदा किलोंच्या घरात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे रोज २००० उष्मांकांचा आहार घेणाऱ्यास वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस मिळून पन्नास ग्रॅमच्या आत साखर पुरे. पंचवीसवर आणल्यास अधिक हितकर. म्हणजे जिलेबीला हात लावण्यापूर्वीच बहुतेक हिशेब संपलेला असतो. गुळाने तो चुकत नाही, कारण गूळही मुख्यतः साखरच.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींहून अधिक असल्याचे दिसले. त्याला आनुवंशिकता, वाढते वजन, बैठे जीवन अशी अनेक कारणे आहेत. साखर एकटी नव्हे.

मराठी घरांत मात्र आणखी एक अडचण असते, ती आग्रहाची. पाहुण्याने नको म्हटले की यजमानीणबाई दोन जिलेब्या अधिक वाढणार, हा शिष्टाचार! घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांसाठी फिका चहा वेगळा येतो. चारचौघांत आपलाच कप निराळा, हे त्यांना टोचते. मग ते पंगतीत मुकाट्याने वाढलेले संपवितात आणि घरी कोणास सांगत नाहीत. त्यापेक्षा साऱ्या घराचाच चहा कमी गोड केलेला बरा. दर आठवड्यास अर्धा चमचा कमी केला तर जीभ तक्रार करीत नाही. थोड्याच दिवसांत पूर्वीचा चहा पाकासारखा लागू लागतो. मुलांच्या डब्यात बिस्किटांऐवजी भाजलेले दाणे, फुटाणे किंवा पेरू द्यावा. माळव्यातील ज्वारीची भाकरी आणि मक्याचा कीस यांना ताटात पुन्हा मानाची जागा मिळावी. पुरणपोळी सणाला अवश्य करावी. ती मंगळवारच्या रात्री सहज म्हणून नको.

इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र आहारात मोठा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण औषधाची मात्रा पूर्वीच्या जेवणावर बेतलेली असते. हात कापू लागले, दरदरून घाम आला, तर अशा वेळी थोडी साखर लगेच घ्यावी.