ध्रुवप्रदेशातील पांढरे अस्वल



ध्रुवप्रदेशाचा पाठ शिकविताना पांढऱ्या अस्वलाचे उदाहरण अवश्य घ्यावे. गोठलेल्या समुद्रावर उभे राहून, श्वास घेण्यास वर येणारे सील ते पकडते. बर्फ वितळला की त्याचा उपवास सुरू होतो. १९७३ साली पाच राष्ट्रांनी करार करून त्याच्या शिकारीस आळा घातला. परंतु कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनाने पृथ्वी तापत असून समुद्र उशिरा गोठतो, बर्फ लवकर वितळतो. कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम भागात २०१६ साली सुमारे ८४२ अस्वले होती. २०२१ साली ती ६१८ वर आली. बंदुकीस करार पुरला. बर्फ राखण्यास साऱ्या जगाचा संयम हवा. हा कार्यकारणभाव मुलांस समजावून द्यावा, ही विनंती.