आधी विचारा, मग तेल लावा
(सामुदायिक रेडिओवरच्या भाषणाचा मजकूर)

आज आपण गरोदरपणातल्या मालिशबद्दल बोलणार आहोत.

आपल्याकडे मालिश म्हटलं की बाळंतीण डोळ्यांसमोर येते. बाळंतपण झालं की सव्वा महिना तेल लावणं, गरम पाण्याने न्हाऊ घालणं, शेक-शेगडी, सगळं यथासांग होतं. पण त्याआधीच्या नऊ महिन्यांचं काय? तिथे दोन मतं ऐकू येतात. एक मत असं, की पोटुशी बाईच्या अंगाला हातच लावू नये. दुसरं असं, की आठव्या-नवव्या महिन्यात पोट चोळून घ्यावं म्हणजे बाळ सरळ होतं. आम्ही बायका या कार्यक्रमासाठी वाड्या-वस्त्यांवर बैठका घेतो, तेव्हा ही दोन्ही मतं एकाच ओसरीवर बसलेली असतात. आम्हाला आज सांगायचंय ते या दोन्हींच्या मधलं. हलक्या हाताने केलेली मालिश गरोदर बाईला चांगला आराम देते. पण काही दुखणी आणि काही प्रकारची सूज अशी असते, की तिथे तेलाची वाटी बाजूला ठेवून दवाखाना गाठावा लागतो. हा फरक घरातल्या प्रत्येकाला कळायला हवा.

आधी अंग का दुखतं ते पाहू. दिवस जातात तसं पोट पुढे येतं आणि तोल सावरायला कंबर मागे वाकते. बाळंतपणासाठी शरीर सांध्यांचे बंध थोडे सैल करतं, त्यामुळे कंबर आणि माकडहाडाजवळचा भाग ठणकतो. अंगातलं रक्त सुमारे 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. त्यात वाढलेली पिशवी पायांकडून वर येणाऱ्या शिरांवर दाब देते, म्हणून संध्याकाळी पाय जड होतात, घोट्यांवर सूज येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. शेतात वाकून खुरपणारी, शिलाई मशीनवर बसणारी, दुकानात दिवसभर उभी राहणारी, सगळ्याजणींना हे थोडंफार होतंच. बाई नाटकं करत नाही, तिचं अंग खरोखर दुखतं.

मालिशने यातलं काय कमी होतं? पाठ, कंबर, खांदे यांचे आखडलेले स्नायू मोकळे होतात. पाय हलके वाटतात. झोप बरी लागते. मनाची घालमेल कमी होते, आणि हा फायदा आम्ही छोटा मानत नाही. दिवसभर सगळ्यांचं करणाऱ्या बाईला पंधरा मिनिटं कुणीतरी मायेने हात लावतं, याने तिचा जीव निवतो.

आता जे होत नाही तेही सांगून टाकतो. मालिशने बाळ गोरं होत नाही. बाळंतपण लवकर उरकत नाही. अंगात रक्त कमी असेल तर ते वाढत नाही, त्यासाठी लोहाच्या गोळ्याच घ्याव्या लागतात. रक्तदाब तर मालिशने अजिबात बरा होत नाही.

आमच्या गटात मालिशचं काम करणाऱ्या एक मावशी आहेत. तेल हातावर घेण्याआधी त्या प्रत्येक गरोदर बाईला तीन प्रश्न विचारतात. ते आम्हाला इतके पटले, की आज तुम्हालाही पाठ करायला सांगतोय.

पहिला प्रश्न : डॉक्टरांनी काही जपायला सांगितलंय का? अंगावरून रक्त जातंय, पाणी गेल्यासारखं वाटतंय, वार खाली आहे, आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधीच झालं होतं, जुळी आहेत, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश नाही. रक्त किंवा पाणी जात असेल, ताप असेल, पोटात कळा येत असतील किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर विचारत बसायचं नाही, थेट दवाखान्यात जायचं.

दुसरा प्रश्न : सूज कुठे आहे? दोन्ही पावलांवर, संध्याकाळी येणारी आणि रात्री पाय वर घेऊन झोपल्यावर सकाळी ओसरणारी सूज बहुतेकींना येते. पण चेहरा सुजला, डोळ्यांखाली फुगलं, हातातल्या बांगड्या अचानक घट्ट झाल्या, जोडवी रुतायला लागली, तर थांबा. त्यातच डोकं खूप दुखत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील किंवा अंधुक दिसत असेल, बरगड्यांच्या खाली पोटात दुखत असेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रक्तदाब मोजून घ्या. पाचव्या महिन्यानंतर काही बायकांचा रक्तदाब वाढतो. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 आला तरी तो धोक्याचा इशारा समजतात. दाब आणखी चढला तर झटके येऊ शकतात, आणि आई नि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. अशा बाईचे पाय चोळत घरी बसणं म्हणजे हातातली वेळ घालवणं. काही वेळा दाब वाढतो तरी सूज येत नाही, म्हणून दर तपासणीला रक्तदाब मोजलाच पाहिजे.

तिसरा प्रश्न : एकच पाय दुखतोय का? एकच पोटरी किंवा मांडी सुजली, लाल झाली, हाताला गरम लागली, दाबल्यावर किंवा चालताना दुखली, तर त्या पायाला हात लावू नका. आतल्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते. गरोदरपणी अशी गाठ होण्याचा धोका एरवीपेक्षा 4 ते 5 पट असतो. पाय चोळल्याने ती गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच 108 ला फोन करा.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं ठीक आली, की मग खुशाल तेल घ्या. खोबरेल, तीळ, घरात जे रोजचं असेल ते चालेल. थोडं कोमट करा, आणि आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. कापूर, निलगिरी, गंधपुरा घातलेली उग्र तेलं नकोत. दुखण्याचे बाम आणि वेदनाशामक मलमंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, त्यातलं औषध कातडीतून अंगात जातं.

जेवून तासभर झाला की मालिश करावी. बाईला उताणं झोपवू नका. पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपलं की पोटाचं वजन मोठ्या शिरेवर येतं, चक्कर येते, बाळाकडे जाणारं रक्तही कमी होऊ शकतं. 28 आठवड्यांनंतर तर रात्रीसुद्धा कुशीवरच झोपावं. मालिशसाठी डाव्या कुशीवर निजवा, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी आणि पोटाखाली घडी केलेली गोधडी द्या. तसं जमत नसेल तर खुर्चीवर उलटं बसवून पुढच्या पाठीवर उशी ठेवा आणि तिला त्यावर डोकं टेकू द्या.

पाठीवर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात खालून वर न्या, खांद्यावरून फिरवून परत खाली आणा. मणक्याच्या हाडावर दाब नको. कंबरेवर तळहाताने गोल फिरवा. पायांना घोट्याकडून गुडघ्याकडे, खालून वर, हलका हात द्या. फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर त्या सोडून द्या. पोटरीत गोळा आला तर आधी पाय सरळ करून पायाची बोटं नडगीकडे ओढा, गोळा सुटला की मग हळू चोळा. दहा ते पंधरा मिनिटं पुरेत. किती जोर लावायचा, हे जिचं अंग आहे तिनेच सांगायचं. "दुखलं तरच गुण येतो" ही म्हण इथे लागू नाही.

मैत्रिणींनो, पहिल्यांदा मालिश करून घेताना काय काय वाटेल, तेही माहीत असू द्या. थोडी सुस्ती येईल, लघवीला जावंसं वाटेल. अंग सैल पडलं की बाळाची हालचाल जास्त जाणवते, त्याने घाबरू नका. मात्र पोट घट्ट होऊ लागलं, चक्कर आली, मळमळलं, तर लगेच "थांबा" म्हणा. संकोच करू नका. नंतर कुशीवरून हळूच उठा, एकदम उभं राहू नका. आणि तळपायाचं तेल आधी पुसून घ्या. तेलकट पायाने मोरीत पाय घसरला, तर मालिशचा सगळा आराम एका क्षणात जातो. आंघोळीचं पाणी कोमट असू द्या, कढत नको.

पहिल्या तीन महिन्यांबद्दल नेहमी विचारतात. हलक्या हाताने पाठ किंवा पाय चोळल्याने गर्भ पडतो, असं कुठे सिद्ध झालेलं नाही. सुरुवातीला जे गर्भ पडतात, त्यातल्या बऱ्याच वेळा गर्भाच्या घडणीतच दोष असतो. पण त्या दिवसांत मळमळ, थकवा असतो, आणि काही झालं तर बोट मालिश करणारीकडे किंवा त्या सुनेकडेच दाखवलं जातं. म्हणून पहिले तीन महिने पाय चेपणं, डोक्याला तेल लावणं एवढंच ठेवावं, असं आम्ही सुचवतो. आणि दुर्दैवाने गर्भ पडला, तर त्याचा दोष कुणाच्या हाताला देऊ नये.

आता पोटाविषयी. पोटाची कातडी ताणून खाज येते, तिथे स्वतःच्या हाताने वरवर तेल लावायला हरकत नाही. पण पोट दाबणं, चोळणं, बाळ फिरवणं हे कुणालाही करू देऊ नका, ती बाई कितीही अनुभवी असो. जोराच्या दाबाने वार आतून सुटू शकते आणि रक्तस्राव होतो. आधी सिझर झालं असेल तर पिशवीवरच्या जुन्या टाक्यांनाही धोका असतो.

मग आडवं किंवा पायाळू बाळ असेल तर काय करायचं? सातव्या महिन्यात अनेक बाळं पायाळू असतात आणि दिवस भरत आले की आपोआप फिरतात. दिवस भरताना 100 पैकी 3-4 बाळंच पायाळू राहतात. सुईणीने पोट चोळलं आणि बाळ फिरलं असं आपल्याला वाटतं, तेव्हा पुष्कळदा बाळ स्वतःच फिरलेलं असतं. डॉक्टरही काही वेळा बाहेरून हाताने बाळ फिरवतात, पण ते साधारण 36-37 आठवड्यांच्या सुमारास, सोनोग्राफीत बघून, बाळाचे ठोके मोजत, आणि गरज पडली तर लगेच ऑपरेशन करता येईल अशा ठिकाणी. घरच्या खाटेवर यातलं काहीच नसतं.

आणखी एका वेळी मालिशचा उपयोग होतो, तो कळा चालू असताना. कळ आली की सोबतच्या बाईने तळहाताने कंबरेखाली घट्ट दाब द्यावा, कळ ओसरली की हलका हात फिरवावा. याने दुखणं सोसायला मदत होते. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ सोबतीण ठेवायला 2016 साली केंद्र सरकारने परवानगी दिली आहे. तेव्हा तपासणीला जाल तेव्हाच तिथे विचारून ठेवा, की सोबत कोण थांबू शकतं.

राहता राहिला प्रश्न, मालिश करायची कुणी? पैसे देऊन बाई लावायलाच हवी असं नाही. आई, सासू, नणंद कुणीही करू शकतं. आणि नवरोबा? बैठकीत हा विषय निघाला की बायका तोंडाला पदर लावून हसतात. पण पोटातलं मूल दोघांचं आहे. संध्याकाळी दहा मिनिटं बायकोचे पाय चेपले तर कुणाची मान खाली जात नाही. उलट, रोज पाय चेपणाऱ्या माणसालाच आजची सूज कालच्यापेक्षा वेगळी आहे हे सगळ्यांत आधी कळतं. ते कळलं की त्याने गप्प बसायचं नाही.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून तिथे जाता येतं. तारीख लक्षात राहत नसेल तर आपल्या आशाताईंना विचारा. वजन, रक्तदाब, रक्त, लघवी हे सगळं तपासून घ्या, आणि "मला मालिश चालेल का?" हेही तिथेच विचारून या.

तर मैत्रिणींनो, आज रात्री घरात ते तीन प्रश्न एकदा मोठ्याने म्हणा. डॉक्टरांनी काही जपायला सांगितलंय का, सूज कुठे आहे, एकच पाय दुखतोय का. शेजारी कुणी गरोदर असेल तर तिच्या घरीही सांगा. पुढच्या खेपेला आपण बाळंतिणीच्या मालिशबद्दल आणि सिझरच्या टाक्यांची काळजी कशी घ्यायची याबद्दल बोलू. तोवर स्वतःला जपा. नमस्कार.