धारोष्ण दूध आणि न उतरणारा ताप



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही दुधाचा विषय निवडला, याचे कारण आपला परिसर. मुंबईतील म्हशींचे गोठे शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ साली गोरेगावला आरे दुग्धवसाहत उभी राहिली. उपनगरांत तबेले आजही आहेत आणि त्यांचे सुटे दूध घरोघरी जाते. त्यात गैर काहीच नाही. आमची चिंता आहे ती न तापवता प्यायल्या जाणाऱ्या दुधाची. दुखण्यातून उठलेल्या माणसाला, अशक्त मुलाला धारोष्ण दूध द्यावे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. आणि ते दिले जाते मायेपोटीच.

ब्रुसेलोसिस या रोगात गाय-म्हैस गाभडते. पुढे ती धडधाकट दिसते, परंतु रोगजंतू तिच्या दुधातून येत राहू शकतात. माणसाला त्यामुळे आठवडेच्या आठवडे चढउतार होणारा ताप, भरपूर घाम, सांधेदुखी, कंबरदुखी जडते. टायफॉईड, मलेरिया, क्षय असे अंदाज बांधण्यातच दिवस जातात. निदान झाल्यावरही सामान्यतः दोन प्रतिजैविके किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडल्यास रोग उलटतो. गुरांचा क्षयही कच्च्या दुधातून माणसाला होऊ शकतो.

माल्टा बेटावरील सैनिकांत या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला. तो येतो कोठून, हे मात्र १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी शेळ्या तपासल्या तेव्हा उमगले. शेळ्या दिसायला अगदी निरोगी होत्या! १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद होताच ताप ओसरला.

पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद ठेवतात. दूध वर येईपर्यंत तापवण्याची आपल्या गृहिणींची रीत त्याहून कडकच म्हणावी लागेल. कच्च्या दुधाचे दही वा पनीर मात्र आंबट झाल्याने निर्धोक होत नाही. खरवसही आतपर्यंत उकडलेला असावा.

ताप लांबल्यास रुग्णाने कच्चे दूध घेतले होते काय, गावी गुरांच्या विण्यात हात लावला होता काय, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना आपणहून सांगावे. हा जंतू तपासणीत सावकाश वाढतो आणि प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यालाही त्याची बाधा होऊ शकते. म्हणून रक्त पाठवतानाच चिठ्ठीवर तशी नोंद हवी.